निळा रंग

॥ श्री ॥
प्रतापनगर, नागपूर
११ जुलै १९७८

चि. पमूस मामीचे अनेक आशीर्वाद.

पार्सल काल दुपारी मिळाले. आत निघाले ते असे: काचेच्या नळ्या सहा (पैकी एक फुटलेली), लाकडी चिमटा एक, स्पिरिटचा दिवा एक, निळ्या औषधाची बाटली एक, आणि गुंडाळायला तुझ्या जुन्या साडीचा तुकडा. टपालाचे तीन रुपये वीस पैसे तिकिटांवरून कळले. वस्तूंची किंमत तू मुद्दामच लिहिली नाहीस, म्हणून सदर बाजारात गेले तेव्हा दुकानात विचारून आले. एकोणीस रुपयांच्या आत काही येत नाही. डॉक्टरीण झालीस तरी पगार तो केवढा, त्यात पुण्याची खाणावळ. पुढे काही पाठवू नकोस. साडीच्या तुकड्याचे मात्र देवाचे वस्त्र केले.

तू लिहिल्याप्रमाणे रोज सकाळी पारोशी असतानाच नळीत निळे औषध घेते, लघवीचे आठ थेंब टाकते आणि दिव्यावर उकळते. निळे राहिले तर साखर नाही, हिरवे झाले तर थोडी, पिवळे झाले तर जास्त, विटकरी झाले तर मामीची रवानगी दवाखान्यात. वहीत तारीख आणि रंग लिहिते. बहुतेक दिवस हिरवे. मामा म्हणतात, आता आपल्या घरी दोन चुली झाल्या, चहा कोणत्या चुलीवर ठेवलास ते सांगूनच पेला हाती दे.

भाजल्याचा तुझा शनिवारचा धडा वाचला. तुमचे सर दर आठवड्याला एक विषय देतात आणि तो घरच्या माणसाला कळेल असा मराठीत लिहून आणायला लावतात, ही पद्धत मला आवडली. घरचे माणूस म्हणून तू मला धरलेस, तर मीही मॅट्रिकला बसल्यासारखी वाचते. भाजल्यावर गार पाणी ओतत राहायचे, शाई लावायची नाही, हे कळले. मी आजवर शाईच लावत आले. पुढचा विषय पाठव.

तुझी
कौशल्यामामी

पुणे
२० जुलै १९७८

तीर्थरूप मामीस प्रमोदिनीचा साष्टांग नमस्कार.

दोन चुलींचं मामांचं बोलणं मी कॅज्युअल्टीत सगळ्यांना सांगितलं. सर एरवी फारसे हसत नाहीत, तेसुद्धा हसले.

या शनिवारचा विषय: शुद्ध हरपलेला माणूस दारात आणला. तो बोलत नाही, म्हणून आणणाऱ्यांना विचारायचं. पडला का, डोक्याला मार आहे का, झटके आले का, काही प्यायला का, पूर्वी कसला आजार होता, कोणती औषधं चालू आहेत, ती वेळेवर घेतो का. हे विचारता विचारता एकीकडे श्वास, नाडी, डोळ्यांच्या बाहुल्या बघायच्या.

सर म्हणतात, 'माणूस बेशुद्ध असला की घरच्यांचं बोलणं हीच त्याची नाडी. प्रश्न चुकला तर उत्तरही चुकीचं मिळेल.' मला यातलं सगळं पाठ आहे, तरी काहीतरी राहतंय असं ते म्हणाले. तू वाचून सांग, तुला कुठे अडतं.

जेवण वेळेवर करते. खरंच करते.

तुझी
पमू

॥ श्री ॥
प्रतापनगर, नागपूर
८ ऑगस्ट १९७८

चि. पमूस आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. श्रावण लागला की माझ्यामागे किती कामे लागतात ते तुला ठाऊक आहे. या घरात पाच वर्षे काढलीस.

धडा वाचला. मला कुठे अडले म्हणशील तर कुठेच नाही. फक्त एवढे वाटले की प्रश्न पुरुषमाणसाने पुरुषमाणसाला विचारावे तसे आहेत. का तसे वाटले ते आज सांगता येत नाही. सुचले तर लिहीन.

एक आनंदाची गोष्ट मात्र लिहायची आहे. वही बघताना लक्षात आले की उपासाच्या दुसऱ्या दिवशी नळीतले औषध स्वच्छ निळे राहते. दोन्ही एकादश्यांना निळे, कालच्या पहिल्या श्रावण सोमवारचे आज सकाळी निळे. एरवी हिरव्याखाली येत नाही. मामांना दाखवले तर ते म्हणाले, महादेवाचा कंठही निळाच. थट्टा असेल त्यांची, पण मला ती लागू पडली.

आणि हे फक्त तुला लिहिते. हल्ली उपासाच्या संध्याकाळी आरतीला उभी राहिले की हात थरथरू लागतात, अंगाला दरदरून घाम येतो, तबक धरवत नाही, आणि आतून असे गलबलून येते की डोळ्यांना धार लागते. इतकी वर्षे उपास केले, पण असे कधी झाले नव्हते. यंदाच होते आहे. नैवेद्य दाखवून दोन घास खाल्ले की सगळे शांत. देव इतक्या वर्षांनी जवळ आला, असे वाटते. कोणाला सांगू नकोस. सांगितले की जाते म्हणतात.

तुझी
मामी

पुणे
१६ ऑगस्ट १९७८

तीर्थरूप मामीस साष्टांग नमस्कार.

आज धडा नाही. शनिवारचा विषय मीच आहे.

परवा सोमवारी दुपारी अडीचला कांताबाई नावाच्या बाईंना त्यांच्या यजमानांनी टांग्यातून आणलं. वय पन्नासच्या आसपास. उजवा हात-पाय लुळा, बोलणं अडखळत, मग बंदच. मी सगळं विचारलं. पडल्या नव्हत्या, झटके नव्हते. मधुमेह होता. 'औषध वेळेवर घेतात का?' यजमान म्हणाले, 'एक दिवस चुकवत नाही, आज सकाळीसुद्धा माझ्यासमोर गोळी घेतली.' मी लिहिलं: मधुमेह, औषध नियमित. आणि त्या रकान्यापुढे बरोबरची खूण केली. अर्धांगवायू म्हणून त्यांना वॉर्डात पाठवलं.

पाच वाजता सर फेरीला आले. त्यांनी कपाळाला हात लावला, गार आणि ओलं. काही न विचारता शिरेतून ग्लुकोज दिलं. सुई काढायच्या आत कांताबाईंनी डोळे उघडले आणि 'दिवे लागले का?' म्हणून विचारलं. लुळा हात उचलून पदर सारखा केला. रक्तातली साखर तळाला गेली होती, मामी. अर्धांग नव्हतंच. काल सकाळी पुन्हा गुंगल्या, कारण त्या गोळीचा अंमल लांबतो. म्हणून आता सलाईन सतत चालू आहे. जीव वाचला. पण अडीच तास त्या तशाच पडून होत्या, आणि ते माझ्या हातून झालं. बोलणं अजून पूर्ण सुटलेलं नाही.

सर रागावले नाहीत. एवढंच विचारलं, 'तुमच्या यादीत काय नव्हतं ते सापडलं का?' मला सापडलेलं नाही. गोळी रोजचीच होती, मग त्याच दिवशी साखर इतकी का पडली? यजमान शपथेवर सांगतात, घरात काही वेगळं झालं नाही.

मला वाटतं हे काम माझं नाही. नागपूरला येऊन कुठे शाळेत शिकवावं.

पमू

॥ श्री ॥
प्रतापनगर, नागपूर
२० ऑगस्ट १९७८

चि. पमूस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मामांना वाचून दाखवले नाही. शाळेत शिकवायचे तर पुढच्या वर्षी बघू. आधी कांताबाईचे बघ.

पोरी, ती उपाशी होती. श्रावण सोमवार होता ना. तुला कसे सुचले नाही असे मी म्हणणार नाही, कारण तू आमच्या घरी असताना रात्रंदिवस पुस्तकात असायचीस आणि मी उपास कधी केला नि कधी सोडला ते तुला कधी कळू दिले नाही. बाई उपास सांगून करत नाही. नवऱ्याने विचारले, जेवलीस का, तर म्हणते, माझे झाले. यजमान सकाळी कामावर जातात, त्यांना काय ठाऊक? त्यांनी तुला खरे तेच सांगितले.

आणि गोळी तिने घेतलीच असणार. औषधाला उपास नसतो, हे आम्हा सगळ्यांना पाठ. पाण्याच्या घोटाबरोबर गोळी गेली तर उपास मोडत नाही. निर्जळी असेल तर कोरडीच गिळायची. डॉक्टरांनी रोज घे म्हटले आहे, तर आम्ही ती चुकवत नाही. आज्ञाधारक असतो आम्ही.

मागे लिहिले होते ना, तुझे प्रश्न पुरुषमाणसाचे वाटतात, ते आता उमगले. 'औषध घेतले का' असे विचारू नकोस. 'काल रात्रीपासून तोंडात काय गेले' असे विचार. आणि नवऱ्याला विचारू नकोस. बरोबर आलेल्या बाईला विचार, सुनेला, शेजारणीला. तिला माहीत असते कोणाच्या घरी आज चूल उशिरा पेटली.

हे सरांना सांग. मामीने सांगितले म्हणून सांग.

मन लहान करू नकोस. मी तरी काय वेगळे करते? सोमवारी पहाटे गोळी घेते आणि दिवे लागेपर्यंत काही नाही. पाच सप्टेंबरला हरतालिका, तेव्हा तर पाणीसुद्धा नाही. यंदाची माझी अठ्ठाविसावी. मला कुठे काय झाले? देवाला काळजी असते.

तुझी
मामी

पुणे
२३ ऑगस्ट १९७८

मामी,

साष्टांग नमस्कार. तुझं पत्र सरांनी दोनदा वाचलं. तुझा प्रश्न कॅज्युअल्टीच्या टेबलावर काचेखाली ठेवला आहे: काल रात्रीपासून तोंडात काय गेलं? कांताबाईंच्या जावेला विचारलं. ती लगेच म्हणाली, रविवारी रात्रीपासून काही नव्हतं, तिचे सोमवार कडक असतात.

आता तुझ्याविषयी. आठ तारखेचं पत्र पुन्हा काढलं. पहिल्यांदा वाचून मला गोड वाटलं होतं. काल त्यातली एकेक ओळ कांताबाईंच्या कागदाशी ताडून पाहिली. थरथर, घाम, गलबलणं, आणि दोन घास पोटात गेले की शांत: हेच कांताबाईंना दुपारी झालं असणार, फक्त त्यांनी घास घेतला नाही. यंदाच का, तर गोळी तुला यंदाच चालू झाली. निळा रंग एवढंच सांगतो की लघवीत साखर नाही. रक्तात ती किती खाली गेली ते तो सांगत नाही. तो देव नाही, मामी. ती साखर आहे.

कांताबाईंना मी एक दुपार चुकवलं. तुला दोन आठवडे चुकवत होते.

हरतालिका करायची नाही. उरलेला सोमवारही नाही. हे मी डॉक्टर म्हणून सांगते.

पमू

प्रतापनगर
२७ ऑगस्ट १९७८
(पोस्टकार्ड)

चि. सौ. कांक्षिणी प्रमोदिनीस आशीर्वाद.

पत्र पोचले. माझ्या डोळ्यांतले पाणी तू साखरेच्या खाती टाकलेस. ज्याचे शिक्षण जास्त त्याचे बरोबर. अठ्ठावीस वर्षांपैकी कोणत्या वर्षी मी तुझ्या मामांसाठी काय मागितले आणि काय मिळाले याचा मात्र हिशेब तुझ्या पुस्तकात नसेल. तू लहान असताना तापाने फणफणली होतीस तेव्हाचा एक उपास त्यात आहे.

इकडे सर्व खुशाल. पत्राचे उत्तर द्यायची घाई नाही.

कौशल्या

पुणे
३० ऑगस्ट १९७८

माझ्या मामीस,

घाई आहे, म्हणून कार्ड हातात पडताच लिहायला बसले.

चुकले. साखर मोजायला मी शिकले आहे, भक्ती मोजायला नाही. तू आरतीला का रडतेस ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असल्यासारखं लिहिलं. हात साखरेने थरथरत असेल आणि त्याच वेळी डोळे दुसऱ्या कशाने भरत असतील. असं होऊ शकतं का, हे सरांना विचारलं. ते म्हणाले, 'तुमच्या मामींनाच विचारा, मला फक्त हाताचं कळतं.'

तर फक्त हाताचं लिहिते. तू व्रत करणारच, हे मी गृहीत धरते. मग गोळी नको. आदल्या दिवशीची नाही, त्या दिवशीची नाही. पत्र मिळताच आपल्या डॉक्टरांकडे जाऊन ते दाखव, माझ्या एकटीच्या शब्दावर करू नकोस. त्यांनी 'व्रतच नको' म्हटलं तर त्यांचं ऐक. आणि त्या दिवशी थरथर, गार घाम, भलतंसलतं बोलणं यातलं काही झालं तर दोन चमचे साखर पाण्यातून, लगेच. शुद्ध असून गिळता येत असेल तरच. गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू द्यायचं नाही, सरळ दवाखाना. साखरेने बरं वाटलं तरी नंतर दवाखान्यात जायचंच, कारण त्या गोळीचा अंमल पुन्हा येतो.

व्रत मोडावं लागलं तर त्याचा दोष माझ्या नावावर लिही. तुझ्या वहीत मला एक पान दे.

माझी आई गेल्यावर मला कुंकू लावायला शिकवलंस तू. आणखी कोणाकडे मागू?

पमू

॥ श्री ॥
प्रतापनगर, नागपूर
८ सप्टेंबर १९७८

चि. पमूस मामीचे पोटभर आशीर्वाद.

तीन दिवस पत्र लिहायला हात रिकामा नव्हता. क्रमाने लिहिते.

डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी तुझे पत्र वाचले आणि म्हणाले, गोळी नको हे बरोबर. निर्जळी मला पसंत नाही, पण तुम्ही ऐकणार नाही. सोमवारी आणि मंगळवारी गोळी घेतली नाही. तुझे ऐकले असे समजू नकोस. मंगळवारी सवयीने तळहातावर घेतली होती, मग पुन्हा बाटलीत ठेवली.

दुपारी आपल्या बाहेरच्या खोलीत अकराजणी जमल्या. वाळूची पिंड केली, पत्री, केवडा, सगळे यथासांग. पूजेत हात थरथरला नाही, पमू. घामही नाही. डोळ्यांना मात्र पाणी आले, नेहमीसारखे आले. ते कशाचे ते आता तुला लिहायला नको.

कहाणी अर्धी झाली तेव्हा यमुताई, त्या कोपऱ्यावरच्या घरातल्या, डुलू लागल्या. आधी हसल्या, मग मला आपल्या गेलेल्या भावाच्या नावाने हाक मारली. शेजारची प्रेमिला म्हणाली, 'अंगात आली वं बाई, कुकू लावा.' एकीने कुंकू लावले, एकीने पुढ्यात नारळ ठेवला, प्रेमिलाने तर तेवढ्यात पोरीचे वर्ध्याचे स्थळ जमेल का म्हणून विचारूनही घेतले. मीही हात जोडले होते. खोटे कशाला लिहू?

मग यमुताईंच्या पाठीकडे लक्ष गेले. पोलके ओलेचिंब. हात धरला तर गार. सुनेला विचारले, सासूबाई साखरेची गोळी घेतात का? ती म्हणाली, वैशाखापासून घेतात, आज पहाटे कोरडीच गिळली. यमुताई चार महिने माझ्याच गोळीच्या आहेत आणि मला पत्ता नाही. कोण सांगते एकमेकींना?

माझ्याजवळ होते ते पंचामृत. साखर, मध, सगळे त्यात. तिला म्हटले, आ कर. तिने केला, एक चमचा घातला तो गिळलाही. मग चमच्याने पाजत राहिले. बायका ओरडल्या, वहिनी, निर्जळी मोडते तिची, कहाणीत काय सांगितले आहे? त्या कहाणीचे पुस्तक माझ्याच मांडीवर होते. मी पाजणे थांबवले नाही.

दहा मिनिटांत ती माणसात आली. नारळाकडे पाहिले, वाटीकडे पाहिले, ओठांवरून जीभ फिरवली, आणि तिला कळले. तिचे रडणे तुला कसे लिहू? 'काहून पाजलं वं कौशल्याबाई तुमी मले? माह्या घरच्याचं काही झालं म्हंजे? सोळा वर्साचा उपास माहा.' ज्यांनी कुंकू लावले होते त्या आता जरा सरकून बसल्या. तिच्या आजूबाजूला हातभर जागा मोकळी झाली.

ती जागा मला बघवली नाही. माझे व्रत पुरे होत होते, पमू. गोळी पोटात नव्हती, शरीर ठणठणीत होते, रात्रीचे जागरण तेवढे उरले होते. मी तिच्याजवळ सरकून बसले, वाटीत उरले होते ते तिच्या देखत प्यायले आणि म्हटले, 'घ्या यमुताई, आता दोघींचं मोडलं. काही व्हायचं असेल तर दोन्ही घरी होईल. उठा, दवाखान्यात जायचं आहे.'

ती रडायची थांबली आणि मलाच म्हणाली, 'तुमी काहून पेल्या वं, येड्या का काय?' मग हसलो दोघी. प्रेमिला उठून रिक्षा बघायला गेली.

दवाखान्यात तुझ्याएवढाच एक डॉक्टर होता, मिशी नुकतीच राखलेली. यमुताई आता शहाण्यासारख्या बोलत होत्या, त्यामुळे त्याला काही विशेष वाटले नाही. विचारतो, 'औषध वेळेवर घेतात ना?' मी म्हटले, बाळा, हा प्रश्न खोडून टाक. काल रात्रीपासून तोंडात काय गेले ते विचार. त्याने विचारले आणि लिहून घेतले. सलाईन लावून तीन रात्री ठेवले. काल पहाटे ती पुन्हा गुंगली होती, तू लिहिलेस अगदी तसेच, पण सलाईन चालू होते म्हणून निभावले. आज दुपारी घरी आली.

मामांना मी सगळे सांगितले, व्रत मोडल्याचेही. त्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाले, 'मी तर धडधाकट आहे बुवा, ताटाचं बघ.'

तू दोष आपल्या नावावर मागितला होतास. तो देत नाही. वाटी मी उचलली होती.

आता कामाचे. कालपासून गल्लीतल्या चारजणी एकेक करून मागल्या दाराने येऊन गेल्या. चौघीही कोणती ना कोणती साखरेची गोळी घेतात, चौघीही उपास करतात, घरी कोणाला ठाऊक नाही. दोन ऑक्टोबरला नवरात्र बसते, नऊ दिवसांचे. गोळ्यांची नावे बाटल्यांवरून उतरवून या पत्राच्या पाठीमागे लिहिली आहेत. प्रत्येकीने काय करावे, डॉक्टरांना काय विचारावे, काय झाले तर काय घ्यावे, हा धडा एका कागदावर ठळक अक्षरात लिहून पाठव. आरतीनंतर मी वाचून दाखवणार आहे.

यमुताई माझ्याशेजारी बसल्या आहेत. त्या म्हणतात, सगळ्यात वर आधी हे लिहायला सांगा की उपास मोडलेल्या बाईला देव टाकत नाही, नाहीतर खालचे कोणी वाचणार नाही. डॉक्टरांना असे लिहिता येते की नाही, मला माहीत नाही. येत नसेल तर वर दोन ओळींची जागा कोरी सोड, ते मी लिहीन. बाकीचे तू लिही, आणि उलट टपाली पाठव.

तुझी
मामी